फणसाडच्या धुक्यात अष्टमीची मंडळी

अष्टमीच्या व्यापारी कुटुंबांना प्रवासाचे वावडे नाही. पालिताणा, शिखरजी, आबू, राणकपूर ही नावे तेथील घराघरांत शेजारच्या गावांसारखी उच्चारली जातात. उन्हाळ्यात महाबळेश्वर होते, मुलांच्या हट्टाने सिंगापूरही होते. परंतु कुंडलिकेच्या पश्चिमेस, केळघरचा घाट ओलांडला की ज्याची सीमा जवळ येते, त्या फणसाडच्या जंगलात पाऊल टाकलेले गृहस्थ अष्टमीत हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. जवळचे राहून जाते हा प्रवासाचा जुनाच अनुभव होय.

अष्टमी हे नाव ऐकून परगावचा पाहुणा प्रथम हसतो आणि मग तिथी विचारतो. कुंडलिकेच्या एका काठी रोहे, दुसऱ्या काठी अष्टमी. लोक दोन्ही नावे एका दमात घेतात आणि नगरपालिकाही दोघांची मिळून एकच आहे. आज रेल्वेमुळे रोह्याचे नाव पुढे गेले असले, तरी खाडीने मचवे येत होते त्या काळात अष्टमीचा मान कमी नव्हता. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघाला, तेव्हा तो चौलहून येथे आला आणि येथून निजामपूरच्या वाटेला लागला. इंग्रजांच्या कागदांत गावाचे नाव ‘एस्थेमी’ असे पडले आहे. पुढे भाताच्या व्यापाराने ही दोन्ही गावे भरली, आणि गुजरात-मारवाडातून आलेल्या पेढ्या याच भातावर उभ्या राहिल्या.

अशाच एका पेढीच्या घरातील चार माणसे पौष महिन्यातील एका पहाटे फणसाडला निघाली. घरातील ज्येष्ठ गृहस्थांना सर्व जण बापूजी म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, किराण्याच्या दुकानात पन्नास वर्षे काढलेली. त्यांचे चिरंजीव औषधांचे दुकान चालवतात. सूनबाई आणि बारावीत शिकणारी नात बरोबर होती. बेत नातीचा. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला ‘परिसरातील एक जंगल’ पाहावयाचे होते, आणि परिसरात जंगल आहे हे तिनेच घरच्यांना सांगितले.

गाडी नदी ओलांडून निघाली तेव्हा धुके इतके दाट होते की धाटावच्या कारखान्यांचे दिवे पिवळ्या डागांसारखे दिसत होते. नातीला त्याचे कौतुक. बापूजी मात्र काच खाली करून हात बाहेर धरून बसले. व्यापाऱ्याची नजर धुक्याकडे शोभा म्हणून जात नाही. भात कापल्यावर त्याच ओलीवर पेरलेला वाल या दिवसांत फुलाशेंगांवर असतो. रायगडचा कडवा वाल दवावर पोसतो, म्हणून दव हवे. परंतु हेच दव धुके होऊन दिवस वर आला तरी शेतावर बसून राहिले, तर मावा पडतो आणि आंब्याचा मोहोर काळा होऊन गळतो. “हात ओला होतो आहे, पण थेंब धरत नाही,” बापूजी म्हणाले, “आठ वाजता उठले तर वाल चांगला.” किती तरी वर्षे त्यांनी वालाचा भाव दिवाळीनंतरच्या पहाटे असाच हात बाहेर काढून ठरवला होता.

केळघरच्या घाटात चढ संपता संपता धुके खाली राहिले. चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली. खाली कुंडलिकेचे सारे खोरे पांढरे झाले होते आणि त्यातून डोंगरांचे माथे तेवढे वर आलेले; एखाद्या समुद्रात बेटे असावीत तसे. “दादाजी, हा जंजिराच झाला की!” नात म्हणाली. तिचे बोलणे तिला ठाऊक होते त्याहून अधिक बरोबर होते. जंजिरा हा शब्दच अरबी ‘जझिरा’वरून, म्हणजे बेटावरून आला आहे, आणि ज्या जंगलाकडे ही मंडळी निघाली होती, ते जंगल उभे राहिले ते त्या बेटावरील सत्तेमुळेच.

मुरूडसमोरील समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि तो कोणाला जिंकता आला नाही हेही. परंतु बेटाला जगण्यासाठी किनारा लागतो. सिद्दींच्या संस्थानाची राजधानी पुढे मुरूडला आली, आणि मुरूडच्या पाठीशी असलेला हा डोंगराळ मुलूख जंजिऱ्याच्या नबाबांनी शिकारीसाठी राखून ठेवला. गारंबीच्या डोंगरात बांध घालून त्यांनी मुरूडला पाणी आणले. शिकारीसाठी राखलेले रान, एवढ्यावरच वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, पडावयासही हवी. तरी हिशेब पूर्ण मांडावयाचा तर जमेची बाजूही लिहिली पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातील इतर डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी आणि मुंबईला लागणाऱ्या सरपणाने उघडे पडत गेले, त्या काळात फणसाडमध्ये कुऱ्हाडीला मज्जाव होता. जनावर राखले ते मारण्यासाठी, पण त्यासाठी झाड राखावे लागले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये शासनाने या रानास अभयारण्य म्हणून जाहीर केले. आज मुरूड आणि रोहे या तालुक्यांच्या डोंगरांत त्याचा विस्तार जवळपास ७० चौरस किलोमीटरचा आहे. ज्याचे रक्षण बंदुकीसाठी झाले, तेथे आज बंदूक नेणे हा गुन्हा आहे.

सुपेगावच्या नाक्यावर नावे लिहून, शुल्क भरून मंडळींनी गावातील एक वाटाड्या बरोबर घेतला. तिशीचा तरुण, बापूजींना पाहताच तो म्हणाला, “शेठ, तुम्हाला चालवेल ना? दगड ओले आहेत.” बापूजींनी हातातील काठी दाखवली. चामड्याचे बूट त्यांनी आयुष्यात घातले नाहीत. कापडी बूट घालून ते नातीच्या पुढे निघाले.

येथील रान सह्याद्रीच्या माथ्यावरील रानासारखे नाही. समुद्र अगदी जवळ असल्यामुळे हवेत ओल असते आणि हिवाळ्याच्या सकाळी ती झाडांच्या शेंड्यांवर अडकून राहते. वर ऊन पडलेले, खाली मात्र संध्याकाळ असल्यासारखा करडा उजेड, आणि पाऊस नसताना पानापानांवरून टपटप चाललेली. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, कुंभा अशी झाडे दाटीने उभी. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे तो न सांगताही ओळखू येतो. बापूजींना पुष्कळ नावे ठाऊक निघाली. त्यांची ओळख झाडांशी नव्हती, मालाशी होती. हिरडा, बेहडा, शिकेकाई, रिठा, मध. चाळीस वर्षांपूर्वी कातकरी बाया डोक्यावर पाट्या घेऊन अष्टमीच्या दुकानी येत. शिकेकाई मापून देत आणि मीठ, गूळ, सुकट लागे ती दुसऱ्या दुकानातून घेत. “शिकेकाईचे झाड असते की वेल, हे मी आज पाहतो आहे,” काटेरी वेलीपाशी थांबून ते म्हणाले. पन्नास वर्षांच्या व्यापारात हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

पुढे वाट उतरते तेथे गारंबी भेटते, आणि केवळ तिच्यासाठी कोणी फणसाडला यावे. माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळलेला वेल जमिनीवरून अजगरासारखा सरपटतो, एका झाडावर चढतो, तेथून दुसऱ्यावर जातो, खाली उतरतो आणि पुन्हा वर. त्याचे मूळ कोणते आणि शेंडा कोणता याचा शोध घेत नात बरीच पुढे गेली आणि हरल्यासारखी परत आली. वाटाड्याने सांगितले की हा एकच वेल येथून त्या टेकाडापर्यंत आहे. शेंग हातभराहून लांब, करवतीसारखी; आत रुपयाच्या नाण्याहून मोठ्या, गुळगुळीत, तांबूस बिया. या बिया हलक्या असतात, ओढ्याने वाहत समुद्राला मिळतात आणि महिनोन् महिने तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागून तेथे रुजू शकतात. म्हणून ही वेल हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर आढळते. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेच्या ज्या बाजूने आले, त्या बाजूलाही गारंबी आहे. गलबतांच्या कितीतरी आधी ती बहुधा हा प्रवास करीत असावी.

झाडांचा विषय निघाला की रोह्याच्या माणसाला चिंतामणराव देशमुखांची आठवण होणे स्वाभाविक आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री एवढी त्यांची ओळख सर्वांस असते. या गृहस्थांनी केंब्रिजमध्ये जे पारितोषिक मिळवले ते मात्र अर्थशास्त्राचे नव्हे, वनस्पतिशास्त्राचे. १९१७ साली त्यांना तेथील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. संस्कृतातील ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे ते वाणिज्याचे. यात चूक काही नाही, तरी त्याच्या आवारात एखादी गारंबी लावली असती तर ती देशमुखांना अधिक ओळखीची वाटली असती.

फणसाडमधील पाण्याच्या जागांना ‘गाण’ म्हणतात. डोंगराच्या कुशीत पाणी झिरपून साठते, काही गाण उन्हाळाभर आटत नाहीत, आणि सारे रान त्यांच्याभोवती जगते. अभयारण्याला नाव मिळाले ते फणसाडच्या गाणावरून. चिखलगाणाच्या वाटेवर वाटाड्याने हात वर करून सर्वांना थांबवले. वर फांदीवर शेकरू होते. तांबूस-काळी पाठ, पिवळट पोट, आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून त्याचे चित्र नातीच्या पुस्तकात होते. चित्रात त्याचा आवाज नव्हता. खडखड असा रागीट इशारा देऊन ते दोन झाडे ओलांडून गेले. एकच शेकरू बारीक फांद्यांच्या टोकाशी अनेक घरटी बांधते आणि पाळीपाळीने वापरते, असे वाटाड्याने सांगितले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “म्हणजे ह्याचीही गोदामे आहेत.” त्या दिवशीचा एकमेव विनोद तो, बापूजी बराच वेळ हसत होते.

गाणाच्या काठी ओल्या मातीत भेकराचे खूर उमटलेले होते आणि त्यावर रानडुकराचे. बिबट्या आहे, सांबर आहे, एवढे सांगून वाटाड्या थांबला. दाखवण्याचे आश्वासन त्याने दिले नाही, हे त्याचे प्रामाणिकपणच. मंडळी दगडावर बसली. घरून आणलेले उकळलेले पाणी, खाखरे, मेथीचे थेपले. धुके आता विरळ होऊन वर चढत होते आणि आकाशाचा एक निळा तुकडा उघडा पडला होता. बापूजी मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग वाटाड्याला त्यांनी विचारले, “गिधाडे येतात का रे इकडे?”

प्रश्न साधा होता. बापूजींच्या तरुणपणी कुंडलिकेच्या पात्रात मेलेले ढोर टाकले की तासाभरात पन्नास-साठ गिधाडे उतरत. दुकानाच्या ओट्यावरून ती घिरट्या घालताना दिसत. पाहण्यास किळसवाणी, मुलांना घरात घेत. मग कधीतरी ती दिसेनाशी झाली. कधी, हे कोणाला सांगता येईना. नको असलेली वस्तू नाहीशी झाली तर तिची तारीख कोण ठेवतो?

वाटाड्याला उत्तर ठाऊक होते. या रानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी असत. वनखात्याने त्यांच्यासाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागाही केली. म्हसळा तालुक्यातील चिरगावलाही गिधाडे राखण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. “पण शेठ, ढोर कुठले आहे ते आधी विचारावे लागते,” तो म्हणाला. “औषध टोचलेले असेल तर ते ठेवायचे नाही. गिधाड मरते.”

“कोणते औषध?” चिरंजीवांनी विचारले.

“ते दुखण्यावरचे. डायक्लोफेनॅक.”

चिरंजीव काही बोलले नाहीत. हे नाव त्यांना वाटाड्याकडून कळावयाचे नव्हते. १९९० नंतरच्या काळात हे औषध स्वस्त झाले आणि जनावरांसाठी गावोगाव पोहोचले. बैल लंगडला, म्हातारी गाय उठेना, कासेला सूज आली की एक सुई. संध्याकाळी जनावर उभे. त्यांच्या दुकानातून पंचक्रोशीतील शेतकरी ते नेत. विक्री कायदेशीर होती, आणि मुक्या जिवाच्या वेदना थांबतात यात पुण्यच आहे अशी सर्वांचीच समजूत होती. म्हाताऱ्या, भाकड जनावरांना मरेपर्यंत सांभाळणाऱ्या गोशाळांना तर ते वरदान वाटले. ज्या गोशाळेला हे कुटुंब तीन पिढ्या देणगी देते, तिला चिरंजीव ही इंजेक्शने विनामूल्य देत.

औषध जनावराला सोसते. पण सुई घेतल्यावर ते लवकर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्या मांसातील अंशमात्रही गिधाडाची मूत्रपिंडे बंद पाडण्यास पुरतो. शरीरात आम्ल साठून ते थोड्याच दिवसांत मरते. एका ढोरावर पन्नास गिधाडे बसत असत, म्हणजे एका सुईचा हिशेब पन्नासांपर्यंत जातो. १९९० नंतर शास्त्रज्ञ रोगाचा शोध घेत राहिले; खरे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गेलेला साठा भरून निघण्यास किती काळ लागेल हे कोणाही व्यापाऱ्याने मनात मांडून पाहावे. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मात्र आडमार्गाने गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीवर ३ मिलिलीटरची मर्यादा आली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या दोन औषधांवरही जनावरांपुरती बंदी आली, कारण तीही तसाच घात करतात. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे.

“आपल्याला माहीत नव्हते,” सूनबाई म्हणाल्या.

“दोन हजार सहापर्यंत नव्हते,” चिरंजीव म्हणाले. “त्यानंतर माहीत होते. जनावरांची बाटली मी बंद केली. मोठी बाटली कोणी माणसासाठी म्हणून मागितली, तर कोणासाठी असे मी विचारले नाही. नऊ वर्षे.”

नात वडिलांकडे पाहत होती. बापूजींनी मुलाला दोष दिला नाही आणि समजावलेही नाही. काठी टेकून ते उठले आणि वाटाड्याला म्हणाले, “ती जागा लांब आहे का?”

जागा लांब होती आणि तेथे जाण्याची परवानगी नव्हती. वाटाड्याने त्याऐवजी त्यांना गुण्याच्या माळाकडे नेले. तेथे झाडी संपून मोकळे गवत लागते. धुके पूर्ण उठले होते. बापूजी अर्धा तास तेथे उभे होते. दोन घारी आल्या, एक सर्पगरुड ओरडत गेला. गिधाड आले नाही.

परतीच्या वाटेवर, गावाजवळ, वाटाड्याच्या घरच्यांनी पोपटीची तयारी केली होती. रात्री शेकोटीभोवती होणारी पोपटी या मंडळींसाठी दुपारीच लावली, कारण सूर्यास्तानंतर ती जेवणार नव्हती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ. अंडी नाहीत, बटाटा नाही. पाण्याचा थेंब न घालता मडके उपडे करून वर पेंढा पेटवला. वाल चांगला निघाला. धुके आठला उठले होते.

केळघर उतरताना ऊन कलले होते. गाडीत कोणी बोलत नव्हते. रस्ता सपाटीला लागला आणि फोनला संपर्क मिळू लागला, तेव्हा बापूजींनी नातीला गोशाळेचा क्रमांक लावावयास सांगितले. व्यवस्थापकांनी नेहमीप्रमाणे तब्येत विचारली. बापूजींनी विचारले, “दुखण्यासाठी जनावरांना सध्या कोणती सुई देता?”

नाव त्यांना तोंडी सांगता येईना. कपाटातून खोके आणतो म्हणून त्यांनी फोन तसाच ठेवला. पलीकडे गाईंच्या गळ्यातील घंटा ऐकू येत होत्या. चिरंजीवांनी गाडी कडेला उभी केली आणि मागे वळून पाहिले. व्यवस्थापक परत आले आणि एकेक अक्षर वाचू लागले. नात वहीत लिहून घेऊ लागली. पहिल्या खोक्यावर मेलॉक्सिकॅम होते.

“आणखी एक जुने खोके आहे,” व्यवस्थापक म्हणाले, “अर्धे भरलेले. देणगीत आलेले. की… टो…”

“ते वापरू नका,” बापूजी म्हणाले. “बाजूला काढून ठेवा. आम्ही येथूनच तिकडे येतो.”